ताडाचं मेण

जैनांच्या संवत्सरीच्या, म्हणजे वार्षिक क्षमापनेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गौतमचंद शेठ धुळ्यात देवपूरला झुलाल आबांच्या दारात हात जोडून उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर. आठ दिवसांचा उपवास झालेला, पारणं अजून केलेलं नव्हतं. पहाटे जळगावहून निघून ते नव्वदेक किलोमीटर आले होते. गाडी चालवणारी त्यांची नात विधी मागे किल्ली मुठीत धरून उभी होती आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवत नव्हती.

"शेठ, उभा कसाले? बसा ना," आबा खाटेवरून म्हणाले. त्यांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदू काढून दोन दिवस झाले होते आणि तेवढ्यासाठीच त्यांची मुलगी दोन दिवसांच्या रजेवर धुळ्याला आली होती. मुलगी म्हणजे दिपमाला, देशाच्या मानवी अंतराळ उड्डाण कार्यक्रमाची संचालक. तीन अंतराळवीरांना घेऊन यान सुटायला सव्वीस दिवस उरले होते. ती धुळ्यात येणार असल्याची चौकट स्थानिक पेपरात छापून आली होती, आणि शेठनी पत्ता त्यावरूनच काढला होता.

दिपमाला केस बांधत बाहेर आली. कालपासून तिचा फोन क्षमापनेच्या संदेशांनी भरून गेला होता. जोडलेले हात, कमळं, तेच चार शब्द. शेठही त्यासाठीच आले असणार, असं तिला वाटलं. 'राजकुंवर थ्रेड्स' हा त्यांचा जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, पत्नीच्या नावानं काढलेला. यानाच्या पॅराशूटची शिलाई त्यांच्या दोऱ्यानं होत होती.

"भाऊ, फोन केला असता तरी चाललं असतं की. एवढ्या लांब, तेही उपाशीपोटी!"

"क्षमा फोनवर मागता येत नाही, ताई." शेठ खुर्चीच्या कडेला बसले. रिवाजाचं आधी उरकलं. मनानं, वाचेनं, कायेनं वर्षभरात जे काही दुखावलं असेल त्याबद्दल खमत खामणा, क्षमा असावी. दिपमालानं हात जोडले, "माझ्याकडूनही," म्हणाली आणि चहाचं बघायला वळली.

शेठ बसूनच राहिले.

"ताई, एक नाव घेऊन मागायचं राहिलंय. यंदा चातुर्मासात महाराजसाहेब प्रवचनात म्हणाले, जे ठाऊक आहे ते 'जाणता-अजाणता'त ढकलू नका. ठाऊक असेल तर ज्याचं बिघडवलंय त्याच्या दारात जाऊन सांगा. काल प्रतिक्रमणाला, वर्षाच्या चुका आठवायला बसलो, पण मन लागेना." त्यांनी घसा खाकरला. "तुमच्या दोऱ्याला मी मधमाशीचं मेण लावलेलं नाही."

दिपमालाला पहिल्यांदा त्याचा अर्थच लागला नाही.

"मग काय लावलंय?"

"ताडाचं. ब्राझीलमध्ये एक ताड असतो, त्याच्या पानांवर मेण धरतं. महाग असतं, पण चोख. तुमच्याकडून मेणाचे अकरा ड्रम आले. ते मी उघडलेच नाहीत. कंपाउंडच्या बाहेर पत्र्याची शेड आहे, तिथे सील जसंच्या तसं. प्रमाणपत्रावर मात्र नंबर त्याच ड्रमांचा टाकला. सही माझी आहे."

"का पण?"

"ताई, पोळं उकळून काढतात ते. चाळीस वर्षांत माझ्या कारखान्यात मधाचा थेंब आला नाही. कामगारांच्या डब्यात अंडं येत नाही. मला वाटलं, मेण ते मेण. मशीनवर ओढून पाहिलं, वजन पुरं घेतलं. कुणाचं काय बिघडणार?"

विधी एकदम बोलली. "मॅडम, मला काल संध्याकाळी कळलं. मी जूनमध्ये लागले. आल्यापासून मी प्रत्येक लॉट तपासलाय, पण शेडमध्ये जाऊन कोण बघतं?" ती आजोबांकडे वळली. "दादासा, मी इंजिनिअर आहे ना घरात? मला तरी विचारायचं!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," शेठ म्हणाले.

दिपमाला उभीच होती. तिनं खाटेचा गज धरला. शिलाईच्या दोऱ्याला मेण लावतात ते दोरा कापडातून घासत जाताना जळू नये, गाठ सरकू नये आणि थंडीत दोरा कडक होऊ नये म्हणून. पॅराशूटची पहिली जोडी उघडते तिथे हवा उणे पन्नासच्या आसपास असते. ताडाचं मेण तिथे कसं वागतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. वाईट वागेल असंही कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, एवढंच.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मार्चपासून. त्याआधी मेणाचं काम चाळीसगावला व्हायचं ना. आम्ही दोरा पिळून पाठवायचो, ते मेण लावायचे. आमचा त्या मेणाशी संबंधच नव्हता. फेब्रुवारीत तुम्ही आलात आणि सगळं एका छताखाली करा म्हणालात."

ते आरोपाच्या सुरात बोलले नव्हते. तारीख सांगावी तसं त्यांनी सांगितलं. दिपमालाला मात्र ती खोली डोळ्यांपुढे दिसली. जळगावच्या हॉटेलातलं लांब टेबल, सात पुरवठादार, पडद्यावर तिनं स्वतः केलेला तक्ता. दोरा तीन गावांत फिरत होता, त्यात पाच आठवडे जात होते. आधीच्या संचालकांच्या काळात कार्यक्रमाचा खर्च ठरल्याच्या दुपटीवर गेला होता आणि तारीख चारदा पुढे ढकलली होती. काटछाट करायला धजणारी बाई म्हणून तिला त्या खुर्चीवर बसवलं होतं. दिल्लीत तिला स्पष्ट सांगितलं होतं की या वर्षात माणूस वर गेला नाही तर पुढच्या टप्प्याचा पैसा यंत्रमानवांच्या मोहिमांकडे जाईल. तिनं सातही जणांना विचारलं होतं, काही अडचण? शेठ हसून म्हणाले होते, काही अडचण नाही, ताई. तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

आणि पुढची ओळ होती मे महिन्यातल्या चौथ्या पॅराशूट चाचणीची. विमानातून यानाचा सांगाडा टाकून घ्यायची चाचणी. तीन नीट झाल्या आहेत, चौथीची गरज नाही, असं म्हणून तिनं ती ओळ खोडली होती. तिन्ही चाचण्या चाळीसगावच्या दोऱ्यावर झाल्या होत्या.

"आबा, मी जळगावला जाऊन येते," ती म्हणाली.

"काल येनी नि आज जास का?" आबांनी उघड्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. "जाय. पन काही खाई ले."

तिनं खाल्लं नाही. शेठना मात्र बसवून मुगाचं पाणी दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून आठ दिवसांनी पहिला घोट घेतला. आबा म्हणाले, "हळूहळू, शेठ. घाई कसानी शे?" तेवढ्यात दिपमालानं गाडीत बॅग टाकली होती.

पारोळा मागे पडलं. मग दिपमालानं विचारलं, "विधी, कारखान्यात थंड पेटी आहे? उणे पन्नासला जाईल अशी?"

"नाही. फक्त ओढायचं मशीन आहे."

"कोरडा बर्फ मिळेल?"

विधीनं एरंडोलपर्यंत विचार केला. "आइस्क्रीमचा होलसेलवाला आहे ना, तो लग्नाच्या ऑर्डरींना देतो. माझी मैत्रीण आयुषी त्याच्याकडे हिशेब बघते."

"तिला सांग, दहा किलो."

"काय म्हणून सांगू?"

"लग्न आहे म्हण."

विधीला हसू आलं आणि लगेच रडूही. तिनं गाडी कडेला घेतली, दोन मिनिटं थांबली आणि पुन्हा चालवू लागली. शेठ मागच्या सीटवर डोळे मिटून होते. ओठ हलत होते.

दुपारी एक वाजता राजकुंवर थ्रेड्सच्या तपासणी खोलीत थर्माकोलच्या दोन पेट्या आल्या. झाकणांवर आइस्क्रीमच्या कपाचं चित्र होतं. कारखान्याला सुटी होती. दिपमालानं आधी पत्र्याची शेड उघडायला लावली. अकरा ड्रम एका रांगेत होते, एकाचंही सील तुटलेलं नव्हतं. ते पाहून, शेठ कदाचित काहीतरी चुकीचं सांगत असतील ही तिची उरलीसुरली आशा संपली.

चाळीसगावच्या वेळच्या दोऱ्याचं एक रीळ नमुना म्हणून कपाटात राहिलं होतं. विधीनं पॅराशूटच्या पट्टीचे दहा तुकडे घेतले. पाच जुन्या दोऱ्यानं शिवले, पाच नव्या. दहाही अर्धा तास बर्फात ठेवले. एकेक बाहेर काढायचा, लगेच मशीनच्या जबड्यात धरायचा, ओढायचा. एका टाक्यानं किमान बावीस किलो वजन पेलायला हवं होतं.

जुने पाच झाले. चोवीस पॉइंट एक. तेवीस आठ. चोवीस चार. तेवीस नऊ. चोवीस.

नव्यातला पहिला बाहेर काढताना विधीच्या काळ्या हातमोज्यावर पांढरी भुकटी पडली. तिनं ती दिपमालाला दाखवली. मेण तडकून गळत होतं. तुकडा तरीही तेवीस सहापर्यंत गेला. दुसरा तेवीस एक. तिसरा बावीस आठ. दिपमाला श्वास सोडणार एवढ्यात चौथा लावला आणि काटा चढता चढता टक् असा बारीक आवाज झाला. विधी आकड्याकडे बघत राहिली.

"किती?"

"चौदा पॉइंट तीन."

"पुन्हा बघ."

"मॅडम, तो तुटलाय. पुन्हा काय बघू?"

सुईच्या भोकाशी दोरा करवतल्यासारखा दिसत होता. पाचवा तेवीसला तुटला. शेठ दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांना आकडा ऐकू आला होता. ते उठले आणि भिंतीला हात लावून बाहेर गेले. बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला.

दिपमालाला परीक्षेतल्या उणिवा कळत होत्या. कोरडा बर्फ उणे अठ्ठ्याहत्तर असतो, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा जास्त थंड. नमुने पाचच. पेटी आइस्क्रीमची. उद्या कुठल्याही समितीत कुणीही हे दोन मिनिटांत उडवून लावलं असतं. तिनंच उडवून लावलं असतं, फेब्रुवारीत.

तिनं संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला आणि सगळं क्रमानं सांगितलं.  मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"इथे तिघं, घरी वडील. आता तुम्ही."

"लेखी काही पाठवलंस?"

"अजून नाही."

"पाठवू नकोस. नीट ऐक. गुरुवारी मंत्र्यांच्या समितीपुढे दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव आहे. त्यात निम्मे लोक यंत्रमानव पाठवा म्हणणारे आहेत. आज हा कागद गेला तर ते तो टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, पाहा, एक शेठजी मेण बदलतो आणि यांना सहा महिने पत्ता नसतो. कार्यक्रम संपला. तुझा, माझा, सगळ्यांचा. दोन दिवस थांब. गुरुवारी मंजुरी घेऊ, शुक्रवारी उड्डाण थांबवू. काहीतरी तांत्रिक कारण देऊ. उड्डाणाला सव्वीस दिवस आहेत, दिपमाला. दोन दिवसांत कुणी मरत नाही."

"आज चार वाजता पॅराशूटच्या पिशव्या यानात बसवणार आहेत, सर. बसवल्या की काढायला यान खोलावं लागतं."

"मग खोलू. खर्च होईल. तुला अजूनही खर्चाचीच काळजी?" ते थोडे हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आइस्क्रीमच्या खोक्यातल्या एका तुकड्यासाठी कार्यक्रमाची नऊ वर्षं फेकू नकोस."

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. अध्यक्ष म्हणत होते त्यात चूक काढता येत नव्हती, आणि तिला भीती त्याचीच वाटली. दोन दिवसांत कुणी मरणार नव्हतं. उड्डाण तर थांबणारच होतं. फक्त गुरुवारी तिला पडद्यापुढे उभं राहून म्हणावं लागणार होतं की पॅराशूट तयार आहे. पुढच्या टप्प्यात आणखी माणसं जाणार होती. तो टप्पा मिळावा म्हणून तिनं रात्रीचा दिवस केला होता. पोटच्या मुलासारखा सांभाळला होता हा कार्यक्रम, आणि तो आता तिच्या एका वाक्यावर उभा होता.

तोंड धुऊन शेठ आत आले. फोनवरचं तिचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"दोन दिवस थांबायचं ठरतंय?" त्यांनी विचारलं.

"विचार चाललाय, भाऊ."

"मीपण थांबलो होतो." ते स्टुलावर बसले. "मार्चमध्येच सांगणार होतो. म्हटलं, आधी हा लॉट जाऊ दे. मग म्हटलं, विधीचं शिक्षण संपून ती कामाला लागू दे. मग म्हटलं, पावसाळ्यात कुठे त्यांना त्रास. दर वेळी कारण खरंच होतं, ताई. एकही खोटं नव्हतं."

दिपमालानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला त्यांचा राग यायला हवा होता आणि सकाळपासून तो येत नव्हता. आता आला, पण त्यांचा नव्हे.

"विधी, लॅपटॉप दे."

पत्र तिनं पंचवीस मिनिटांत लिहिलं. दोऱ्याचं, मेणाचं, दहा तुकड्यांचे आकडे, परीक्षेतल्या उणिवा, अकरा ड्रमांचे फोटो. सगळ्यात वर एक वाक्य घातलं. मेणाचं काम राजकुंवर थ्रेड्समध्ये हलवण्याचा आणि चौथी चाचणी रद्द करण्याचा निर्णय माझा होता, आणि हलवण्यापूर्वी तिथे ते मेण चालेल का, हे मी विचारलं नाही.

"मॅडम, तुम्ही विचारलं होतं की," विधी मागून वाचत म्हणाली. "दादासा सांगतात, तुम्ही विचारलं होतं."

"सात जणांना एकदम विचारलं होतं. त्याला विचारणं म्हणत नाहीत."

शेठनी पत्राला जोडायला वेगळ्या कागदावर स्वतःच्या हातानं निवेदन लिहिलं. अक्षर वळणदार होतं. त्यांनी कुठेही धर्माचं नाव काढलं नाही. 'माझ्या मनाला पटेना म्हणून मी बदललं आणि लपवलं', एवढंच लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "कारखाना बंद होईल ना?"

"चौकशी होईल. बहुतेक होईल बंद."

"साठ माणसं आहेत." त्यांनी सही केली.

तीन वाजून वीस मिनिटांनी तिनं पत्र पाठवलं. अध्यक्षांना, सुरक्षा मंडळाला आणि तिन्ही अंतराळवीरांना. अंतराळवीरांची नावं घालताना बोट क्षणभर थांबलं. नियमानं त्यांना पत्र मंडळाकडून जायला हवं होतं. तिनं ती घातली.

पावणेचारला संदेश आला, पिशव्या बसवण्याचं काम थांबवलं आहे. सव्वापाचला दुसरा आला, दोन ओळींचा. उड्डाण अनिश्चित काळासाठी पुढे ढकललं. कार्यक्रम संचालकांना चौकशी पूर्ण होईपर्यंत पदावरून मोकळं केलं. अध्यक्षांनी फोन केला नाही. गुरुवारच्या बैठकीचा विषय बदलला असल्याचं तिला एका सहकाऱ्यानं कळवलं. दुसऱ्या टप्प्याच्या जागी आता 'माणूस पाठवावा की यंत्र' असं लिहिलं होतं.

तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. 

साडेपाचला फोन वाजला. पलीकडे अखिल होता, तिघांच्या चमूचा प्रमुख, हवाई दलातला वैमानिक. तो नेहमी थट्टेत बोलायचा. आज त्यानं नमस्कारही केला नाही.

"मॅडम, पत्र वाचलं. माझ्या पॅराशूटमध्ये कुठला दोरा आहे?"

"नवा."

"राखीवमध्ये?"

"राखीवमध्येही. सगळ्यांत."

 

"रविवारी घरच्यांना दाखवायला नेलं होतं आम्हाला," तो म्हणाला. "माझ्या मुलीनं त्या पिशवीवर गाल टेकवून फोटो काढून घेतला. फ्रिजवर लावलाय."

दिपमाला फोन घेऊन खिडकीशी गेली.

"मी तुमच्यावर ओरडायला फोन केला होता. आम्ही तिघांनी ठरवलं होतं की ओरडायचं. चौथी चाचणी तुम्ही काढलीत तेव्हा मी त्या बैठकीत होतो. मला बरं वाटलं होतं. लवकर जायला मिळेल म्हणून. मीही हात वर केला होता, मॅडम."

"तुझं काम हात वर करायचं नव्हतं. माझं होतं चाचणी ठेवायचं."

"ते असू दे. आता पिशव्या उघडणार आहेत. सोमवारपासून. टाका न् टाका बघणार. तुम्ही पदावर नाही, हे कळलं. पण उघडताना तुम्ही समोर असाव्यात, असं आम्हाला वाटतं. आत येऊ देतील की नाही, माहीत नाही. दारात तरी उभ्या राहाल?"

"राहीन."

"आणि ते शेठ? तेही येतील?"

तिनं वळून पाहिलं. शेठ तपासणी खोलीच्या टेबलावरची पांढरी भुकटी एका कागदावर गोळा करत होते. विधी त्यांना पाकीट देत होती. वर नंबर आणि तारीख तिनं आधीच लिहिली होती.

"विचारते," दिपमाला म्हणाली. तिनं फोन छातीशी धरला आणि या वेळी त्यांच्या अगदी जवळ जाऊन, एकट्यांनाच विचारलं.